अपेक्षित बॅटरीची प्रतीक्षा : विद्युत्-मोटारीच्या इतिहासातील एक प्रश्न

विद्युत्-मोटारीचा इतिहास सांगताना एक स्पष्टीकरण इतक्या सहजपणे दिले जाते, की त्याची चिकित्सा करावी असे फारसे कोणास वाटत नाही. विजेवर चालणारी मोटार विसाव्या शतकाच्या आरंभी मागे पडली, कारण तिची बॅटरी जड, अल्पजीवी व अल्पशक्ती होती. आणि एकविसाव्या शतकात ती पुन्हा पुढे आली, कारण बॅटरी सुधारली, असे ते स्पष्टीकरण होय. यात असत्य असे काही नाही. एक किलोग्रॅम पेट्रोलात सुमारे १२,००० वॅट-तास इतकी ऊर्जा साठलेली असते. उलट तेवढ्याच वजनाच्या शिसे-आम्ल बॅटरीत ती आजही साधारणतः ३० ते ४० वॅट-तासच मावते. पेट्रोलवरील एंजिन त्यातील बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवते हे लक्षात घेतले तरी हे अंतर प्रचंड आहे. परंतु जे कारण इतके मोठे व इतके स्थिर, त्याने इतिहासातील चढउतारांचा उलगडा कसा व्हावा? १८९९, १९१२ व १९२४ या तिन्ही वर्षी बॅटरी व पेट्रोल यांतील अंतर थोड्याफार फरकाने तेच होते; विजेच्या वाहनांची स्थिती मात्र प्रत्येक वेळी अगदी निराळी होती. तेव्हा कारणांचा शोध बॅटरीच्या पेटीबाहेरही घेणे प्राप्त आहे. त्या बाहेरच्या कारणांपैकी एकाचाच विचार येथे करावयाचा आहे. ते कारण म्हणजे, याहून पुष्कळ चांगली बॅटरी लवकरच येणार, ही जवळजवळ प्रत्येक पिढीने बाळगलेली अपेक्षा. डेव्हिड कर्श यांनी २००० साली व खाइस मोम यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांमुळे या विषयाचा अभ्यास केवळ यंत्रांच्या तुलनेपुरता राहिलेला नाही. प्रस्तुत विवेचन त्याच वाटेने जाणारे आहे.

पुन्हा पुन्हा भारित करता येईल असा संचायक घट गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केला. (घट म्हणजे एकटा रासायनिक कोश व अशा अनेक घटांची जोडणी म्हणजे बॅटरी, हा भेद पुढे ध्यानात ठेवावा.) त्याचे शिशाचे पत्रे पुरेसे कार्यक्षम होण्यास ते वारंवार भारित व रिक्त करीत राहावे लागे. १८८१ साली कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली आणि संचायक घट ही कारखान्यात बनविता येण्याजोगी वस्तू झाली. त्याच वर्षी गुस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसमध्ये विजेची तीनचाकी चालवून दाखविली, आणि फोरच्या घटांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम टॉमसन यांच्याकडे, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन यांच्याकडे, नेण्यात आली. वीज पेटीत भरून गावोगाव धाडता येते ही कल्पना त्या काळी मोठी चित्तवेधक ठरली असल्यास नवल नाही. अपेक्षेचा आरंभ येथूनच धरावा लागतो. त्यामागोमाग कंपन्या निघाल्या, भाग विकले गेले, व पुष्कळांचे पैसे बुडाले. १८८३ साली थॉमस एडिसन यांनी संचायक घट म्हणजे लोकांना फसविण्याचे एक साधन आहे अशा अर्थाचे तिखट उद्गार काढले. त्याच एडिसन यांनी पुढे आयुष्यातील जवळजवळ एक दशक घटापायी वेचले, हे येथे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

पहिल्या व्यावहारिक विद्युत्-मोटारी खाजगी मालकांसाठी नव्हेत, तर भाड्याने फिरण्यासाठी बनविल्या गेल्या. फिलाडेल्फियातील मॉरिस व सॅलम यांनी १८९४ साली 'इलेक्ट्रोबॅट' ही गाडी तयार केली. १८९७ च्या आरंभी त्यांच्या भाड्याच्या गाड्या न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आल्या. त्याच वर्षी लंडनमध्ये वॉल्टर बर्सी यांच्या विजेच्या गाड्यांची सेवा सुरू झाली. न्यूयॉर्कचा धंदा लवकरच शिसे-आम्ल घट बनविणाऱ्या कंपनीचे प्रमुख आयझॅक राइस यांच्या हाती गेला व 'इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी' स्थापन झाली. या कंपनीची कार्यपद्धती लक्ष देऊन पाहण्याजोगी आहे. गाडीतील बॅटरी वजनाने अर्ध्या टनाहून अधिक असे. ती गाडीतच भारित करीत बसण्याऐवजी मध्यवर्ती आगारात द्रवदाबयंत्र व यारी यांच्या साहाय्याने ओढून काढीत व तिच्या जागी भारित बॅटरी सरकवीत. हे काम काही मिनिटांत होई. गाडी धावत राही, बॅटरी आगारात विश्रांती घेई, आणि तिची निगा गाडीवान नव्हे तर तज्ज्ञ कामगार राखीत. घट दुबळा आहे हे मान्य करून त्याच्याभोवती व्यवस्था उभी करणे, असा हा विचार होता. चांगल्या घटाची वाट पाहणे त्यात नव्हते.

ती व्यवस्था कोसळली हे खरे. पण कशी कोसळली? १८९९ साली मोठे भांडवलदार तिच्यात शिरले. सहस्रावधी गाड्यांच्या घोषणा झाल्या, बोस्टन, शिकागो अशा शहरांत उपकंपन्या घाईने उघडल्या गेल्या, आणि तेथे न्यूयॉर्कच्या आगारासारखी शिस्त व अनुभवी माणसे नव्हती. बॅटऱ्या हलगर्जीपणाने हाताळल्या गेल्या, रबरी धावांचा खर्च हाताबाहेर गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीच्या कर्जव्यवहारातील गैरप्रकार वृत्तपत्राने उघडकीस आणला. १९०१ पर्यंत बहुतेक शाखा बंद पडल्या. १९०७ साली कंपनीचे दिवाळे निघाले. लंडनची सेवा तर १८९९ सालीच थांबली होती. सामान्य मत मात्र असे झाले की बॅटरीने दगा दिला. सट्टा, घाई व अननुभव यांचे माप बॅटरीच्या पदरात टाकणे सर्वांनाच सोयीचे होते, हे उघड आहे. (त्याच १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली व ती १९६४ पर्यंत चालली. तारेवरून वीज घेणाऱ्या वाहनास घटाची गरजच नव्हती. विजेवरील शहरी वाहतुकीस लोकांचा विरोध होता असे म्हणावयास म्हणूनच आधार नाही.)

या अपयशानंतरही विद्युत्-मोटार संपलेली नव्हती. १९०० च्या सुमाराच्या अमेरिकी जनगणनेत वर्षभरात तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या व अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. बेल्जियन कामीय झेनात्सी यांनी १८९९ साली ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली, ती विजेच्याच गाडीतून. अशा वेळी एडिसन रंगमंचावर आले.

शिशाचे पत्रे व गंधकाम्ल यांच्याऐवजी निकेल, लोखंड व अल्कली वापरून एडिसन यांनी नवा घट योजला. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हेही त्याच दिशेने काम करीत होते. १९०१ च्या मे महिन्यात आर्थर केनेली यांनी अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेपुढे या घटाचे वर्णन वाचले, आणि घट बाजारात येण्यापूर्वीच त्याची कीर्ती सर्वत्र पसरली. दिव्याचा व ध्वनिलेखाचा जनक सांगतो म्हटल्यावर शंका घेणार कोण? १९०३ च्या सुमारास विक्री सुरू झाली. थोड्याच काळात घटांचे डबे गळू लागले, त्यांची क्षमता उतरू लागली, आणि १९०४ च्या अखेरीस उत्पादन थांबवावे लागले. सुधारलेला घट १९०९ साली आला. तो खरोखरच उत्तम होता. हेळसांड सोसणारा, दशकानुदशके टिकणारा असा तो असल्यामुळे रेल्वे व खाणी यांतून त्याचा उपयोग दीर्घकाळ होत राहिला व त्याचे उत्पादन १९७५ पर्यंत चालू होते. तथापि तो महाग होता व थंडीत मंदावत असे.

या प्रकरणातील महत्त्वाची गोष्ट घटाच्या गुणावगुणांत नाही, ती १९०१ ते १९०९ या आठ वर्षांत आहे. या काळात विजेची मोटार घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकापुढे एकच प्रश्न असे : आज शिशाची बॅटरी घ्यावी, की वर्ष-सहा महिने थांबावे? गाडी विकणाराही याचे उत्तर छातीठोकपणे देऊ शकत नव्हता. ज्या वस्तूचा उत्तराधिकारी आधीच जाहीर झालेला आहे त्या वस्तूत भांडवल घालण्यास, तिच्यासाठी शहरोशहरी आगारे बांधण्यास कोण धजेल? एडिसन यांच्या आश्वासनाने विद्युत्-मोटारीचे हित झाले त्यापेक्षा अहित अधिक झाले, असे मानण्यास म्हणूनच जागा आहे. या आठ वर्षांतच, १९०८ साली, फोर्ड यांची 'मॉडेल टी' बाजारात आली. पुढे १९१४ च्या जानेवारीत स्वतः हेन्री फोर्ड यांनीच एडिसन यांच्या घटावर चालणारी स्वस्त मोटार काढण्याचा मनोदय प्रकट केला. ती मोटार कधीच आली नाही. त्यांच्या पत्नी मात्र 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही विजेची गाडी वापरीत.

एडिसन यांच्या स्पर्धेने शिसे-घटाचे कारखानदार खडबडून जागे झाले व त्यांचा माल सुधारला, हा त्यातील एक अनपेक्षित लाभ होय. परंतु सुधारलेल्या शिसे-घटास सर्वांत मोठे गिऱ्हाईक मिळाले ते पेट्रोलच्या मोटारीत. चार्ल्स केटरिंग यांनी योजलेला विजेचा प्रारंभक १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसविला गेला, हाताने दांडा फिरविण्याचे कष्ट व धोका संपले, आणि विजेच्या गाडीचा एक मोठा गुण तिच्या प्रतिस्पर्ध्याने तिच्याच बॅटरीच्या बळावर हिरावून घेतला.

याच काळात कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे जे घडले त्याकडे इतिहासकारांचे लक्ष फार उशिरा गेले. तेथील वीजकंपनीने विजेच्या मालमोटारींसाठी १९१० ते १९२४ या काळात एक योजना चालविली. ग्राहकाने गाडी घ्यावी ती बॅटरीविना. बॅटरी वीजकंपनीची, तिची निगा व अदलाबदल कंपनीने करावयाची, ग्राहकाने दरमहा ठराविक रक्कम व शिवाय धावलेल्या मैलांप्रमाणे आकार द्यावयाचा. या योजनेखालील गाड्यांनी साठ लाख मैलांहून अधिक प्रवास केला. घट तोच, काळही तोच. मात्र तो झिजेल, बिघडेल वा जुना ठरेल ही चिंता ज्यास ती वाहता येत नाही त्याच्या शिरावरून उतरवून ज्यास ती वाहता येते त्याच्यावर ठेवलेली. नव्या घटाची बातमी आली तरी हार्टफर्डच्या व्यापाऱ्यास थांबण्याचे कारण नव्हते. ही योजना सर्वत्र का पसरली नाही, याचे उत्तर रसायनशास्त्रात सापडणार नाही. ते वीजकंपन्यांच्या धोरणांत व गाड्यांच्या बॅटऱ्यांना सर्वमान्य माप नसण्यात शोधावे लागेल.

यानंतरच्या चार दशकांतील विद्युत्-वाहनांचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. ब्रिटनमध्ये पहाटे घरोघरी दूध पोचविणाऱ्या विजेच्या गाड्या शिशाच्या बॅटरीवर मुकाट्याने चालत राहिल्या. ठरलेला मार्ग, अल्प वेग, रात्रीचे भारण, एवढे त्यांना पुरेसे होते. जपानमध्ये युद्धोत्तर पेट्रोलटंचाईत १९४७ साली 'तामा' ही विजेची मोटार निघाली व तिची बॅटरी कडेच्या खणातून ओढून बदलता येई. कोरियन युद्धाच्या काळात शिशाचे भाव भडकले व तिचा धंदा बसला. म्हणजे येथेही कारण बाजारातील धातूच्या भावाचे होते.

१९६६ साली एडिसन-प्रकरणाची जणू पुनरावृत्ती झाली. अमेरिकेत शहरांतील धुराविषयी चिंता वाढलेली असताना फोर्ड कंपनीने सोडियम-गंधक घटाची घोषणा केली. शिसे-घटाच्या अनेक पटीने शक्ती देणारा हा घट सुमारे ३०० अंश सेल्सियसला वितळलेल्या द्रव्यांवर चालणारा होता. विद्युत्-मोटार आता दहा वर्षांच्या अंतरावर आहे असे पुन्हा एकवार बोलले गेले. त्या घटावर चालणारी मोटार सामान्य ग्राहकांच्या बाजारात कधी आली नाही.

ज्या घटाने अखेर परिस्थिती पालटली त्याची उत्पत्ती एका तेलकंपनीच्या प्रयोगशाळेत व्हावी, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल. १९७० नंतरच्या दशकात एक्सॉन कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टिटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन शिरतात व पुन्हा बाहेर पडतात हे दाखविले. पत्त्यांच्या जोडात एखादा पत्ता सरकवावा व काढून घ्यावा, जोड मात्र मोडू नये, तशी ही क्रिया आहे. ऋणाग्र शुद्ध लिथियमचे होते; त्यावर भारणाच्या वेळी सुईसारखे कोंब फुटत व घट पेट घेण्याचा धोका असे. तेलाचे संकट ओसरताच एक्सॉनचा उत्साहही ओसरला. १९८० साली ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम-कोबाल्ट ऑक्साइड वापरून सुमारे चार व्होल्टचा दाब मिळविला. १९८५ साली जपानच्या आसाही कासेई कंपनीत आकिरा योशिनो यांनी धातुरूप लिथियम काढून टाकून त्या जागी कार्बन योजला, आणि घट सुरक्षित झाला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ यांचे व्याख्यान त्यांच्या वतीने मूळचे तमिळनाडूचे असलेले त्यांचे सहकारी अरुमुगम मन्थिराम यांनी दिले.

हा घट १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणला तो हातातील व्हिडिओ-कॅमेऱ्यासाठी. मोटारीचा तेथे काही संबंध नव्हता. कॅमेऱ्यास, व पुढे संगणकास व दूरध्वनीस, बॅटरी लहान लागते. ती हलकी असेल तर ग्राहक वाटेल ती किंमत देतो. लक्षावधी लहान घट बनविता बनविता कारखान्यांचा हात बसला, नासाडी कमी झाली, भाव उतरला. मोटारीची बॅटरी अशा रीतीने आपल्या घरी न वाढता आजोळी वाढली. कॅलिफोर्नियाचे उदाहरण याच्या जोडीला ठेवून पाहावे. तेथील शासनाने १९९० साली असा नियम केला की १९९८ पासून मोठ्या कंपन्यांच्या विक्रीत दोन टक्के मोटारी धूरविरहित असाव्यात. १९९५ साली तज्ज्ञ-समितीने अहवाल दिला की प्रगत बॅटरी तोपर्यंत सिद्ध होणार नाही. १९९६ साली तो नियम मागे घेतला गेला. समितीचे अनुमान चुकीचे नव्हते. जनरल मोटर्सने त्याच वर्षी आणलेली 'ईव्ही-वन' ही मोटार शिशाच्याच बॅटरीवर चाले. ती केवळ भाडेकराराने दिली गेली, व पुढे परत घेऊन बहुतेक मोडीत काढली गेली. परंतु अपेक्षित बॅटरी हे जसे मोटार काढण्याचे कारण होते, तसेच ती न काढण्याचेही कारण होऊ शकते, हे या प्रकरणावरून स्पष्ट व्हावे.

२००८ साली टेस्ला कंपनीच्या 'रोडस्टर' मोटारीत संगणकांसाठी बनविले जात त्याच जातीचे ६,८३१ लहान घट जोडलेले होते. नव्या घटाची वाट न पाहता बाजारात मिळतो तो घट घेऊन त्यांच्या भोवती शीतन व नियंत्रण यांची व्यवस्था रचावी, हा न्यूयॉर्कच्या आगाराचाच विचार निराळ्या रूपात तेथे दिसतो. २०१० नंतरच्या दशकात लिथियम बॅटरीचा भाव सुमारे नऊ-दशांशाने उतरला. चीनने २००९ पासून शासकीय साहाय्य, नगरपालिकांच्या बसगाड्या व प्रचंड कारखाने यांच्या बळावर या धंद्यात आघाडी घेतली. २०२४ साली जगात एक कोटी सत्तर लाखांहून अधिक विजेच्या मोटारी विकल्या गेल्या, म्हणजे नव्या मोटारींपैकी पाचांतील एकीहून अधिक, व त्यांतील बहुसंख्य चीनमध्ये. (या आकड्यात पेट्रोल व वीज दोहोंवर चालणाऱ्या, पण तारेने भारित होणाऱ्या मोटारीही येतात.) लोह-फॉस्फेट हा प्रकार गुडइनफ व अक्षय पाढी यांच्या १९९७ च्या निबंधातून पुढे आला. तो निकेलयुक्त घटापेक्षा वजनाच्या मानाने कमी ऊर्जा साठवितो, परंतु स्वस्त, टिकाऊ व सुरक्षित आहे. त्यास कोबाल्ट लागत नाही. जगात खणल्या जाणाऱ्या कोबाल्टचा फार मोठा भाग एकट्या काँगोतून येतो व तेथील खाणींतील बालमजुरी हा वादाचा विषय झालेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या गुणाचे मोल कळते. २०२४ साली मोटारींच्या बॅटऱ्यांच्या बाजारातील जवळजवळ निम्मा वाटा या 'दुय्यम' घटाचा होता.

घनरूप विद्युत् विच्छेद्य असलेल्या घटाविषयी आज जे बोलले जाते ते या पार्श्वभूमीवर वाचावे. टोयोटा कंपनीने २०१७ साली असे घट २०२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोटारीत येतील असे सूचित केले होते. २०२३ साली ती मुदत २०२७-२८ अशी झाली. ते घट येणार नाहीत असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. एडिसन यांचा घटही शेवटी आलाच होता. प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. जुनी गाडी बाजारात निम्म्या किमतीसही का जात नाही, भारणकेंद्रात पैसे घालणारा का कचरतो, याचा विचार करताना १९०१ ते १९०९ या काळातील ग्राहक डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरेल. केवळ अदलाबदलीची व्यवस्था उभारून भागते असेही नाही. इस्राएल व डेन्मार्कमध्ये 'बेटर प्लेस' या कंपनीने बॅटरी बदलण्याची केंद्रे मोठ्या खर्चाने उभारली. पण त्यांत बसणारी मोटार एकाच कंपनीची एकच होती, आणि २०१३ साली तिचे दिवाळे निघाले.

भारतापुरते पाहता, पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार होणारी टाटांची विजेवरील नेक्सॉन २०२० साली बाजारात आली. पण आपल्याकडे विजेच्या वाहनाचा विस्तृत प्रसार त्यापूर्वीच झालेला होता, आणि तो प्लांतेच्या शिसे-आम्ल घटावर झाला होता. दिल्ली व उत्तरेकडील शहरांत २०१० नंतर ई-रिक्षा झपाट्याने पसरल्या. कायद्याने त्यांना स्थान दिले ते मागाहून, २०१५ साली मोटारवाहन अधिनियमात दुरुस्ती करून. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या आसनाखाली, दिवसभर तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या, रात्री आगारात भारण. वर्ष-दीड वर्षात बॅटरी निकामी होते, मोडीच्या शिशाचा भाव वजा करून नवी घ्यावी लागते, व तो खर्च चालकाच्या कमाईतून जातो. मोडीचे शिसे वितळविणाऱ्या भट्ट्यांतील कामगारांच्या व शेजारवस्तीच्या आरोग्याचा प्रश्नही त्यात आहेच. हार्टफर्डच्या व्यापाऱ्यास बॅटरीच्या झिजेची जी चिंता नव्हती ती येथे सर्वांत दुबळ्या खांद्यावर आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्रालयाने दुचाकी व तीनचाकी विद्युत्-वाहनांची विक्री व नोंदणी बॅटरीविना करण्यास मुभा दिली. वाहन चालकाचे व बॅटरी दुसऱ्याच्या मालकीची, अशी विभागणी त्यानंतर आपल्याकडे कायदेशीर रीत्या शक्य झाली आहे.